घरी ईएल८४ चा ट्यूब अँप्लिफायर बांधताना: आधी लोखंड, मग ट्यूब

ट्यूब अँप्लिफायर बांधायचं ठरलं की बहुतेक जण आधी ट्यूब शोधायला लागतात. कुठल्या कंपनीची, कुठल्या सालची, जुन्या साठ्यातली की नवी, यावर आठवडेच्या आठवडे जातात. माझं मत स्पष्ट आहे: अँप्लिफायर शांत आणि भरदार होणार की गुणगुणत राहणार, हे ट्यूब सॉकेटमध्ये बसण्याआधीच ठरलेलं असतं. ते ठरवतात आउटपुट ट्रान्सफॉर्मर, पॉवर सप्लाय आणि अर्थच्या (ग्राउंडच्या) तारांची वाट. पैसा आणि वेळ याच क्रमाने घालावा. ट्यूब सगळ्यात शेवटी, आणि त्या साध्या चालू उत्पादनातल्या असल्या तरी चालतात.

बोलायला एक ठरावीक सर्किट घेऊ: स्टिरिओ, सिंगल-एंडेड, म्हणजे प्रत्येक चॅनलला एकच आउटपुट ट्यूब. ती ईएल८४, तिच्याआधी सिग्नल वाढवायला दोन्ही चॅनलना मिळून एक ईसीसी८३ (अर्धी डावीकडे, अर्धी उजवीकडे) आणि रेक्टिफायरला, म्हणजे एसीचा डीसी करायला, ईझेड८१. चारही ट्यूब नऊ पिनांच्या. ट्यूबमध्ये हीटर कॅथोड तापवतो, कॅथोडमधून निघालेले इलेक्ट्रॉन प्लेटकडे जातात, ग्रिड त्यांना सिग्नलप्रमाणे कमी-जास्त करते आणि ईएल८४ मध्ये मध्ये स्क्रीन नावाची आणखी एक जाळी असते. डेटाशीटप्रमाणे प्लेटवर २५० व्होल्ट, कॅथोडला १३५ ओहम, प्लेटचा करंट ४८ मिलिअँपिअर आणि स्क्रीनचा साडेपाच, अशा बेतात ईएल८४ सुमारे ५.७ वॉट देते, पण तिथे डिस्टॉर्शन १० टक्के असतं. ऐकण्याजोगे ३ ते ४ वॉट धरा. ९० डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या स्पीकरला घरातल्या खोलीत ते पुरतात. ८५ डेसिबलचा स्पीकर असेल तर सिंगल-एंडेडचा नाद सोडून पुश-पुल (प्रत्येक चॅनलला उलटसुलट चालणाऱ्या दोन आउटपुट ट्यूब) बांधा.

आणखी एक गोष्ट आधीच. या डब्यात २५० ते ३५० व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये राहतो. १०० मायक्रोफॅरडवर २६० व्होल्ट म्हणजे सुमारे ३.४ जूल ऊर्जा. सप्लायच्या मुख्य कपॅसिटरवर २२० किलोओहम, २ वॉटचा ब्लीडर (कपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टर) कायमचा जोडा. दोन्ही कपॅसिटर मिळून १५० मायक्रोफॅरड धरले तर व्होल्टेज दहाच्या खाली यायला पावणेदोन मिनिटं लागतात. तेवढं थांबा, मग मीटरने बघा आणि मगच हात घाला. चालू अवस्थेत मोजताना काळी वायर क्लिपने चासीला (पत्र्याच्या सांगाड्याला) लावून ठेवा, लाल प्रोब एकाच हाताने धरा, दुसरा हात डब्यापासून लांब.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर

ईएल८४ ला ५ किलोओहमच्या आसपास लोड हवा आणि स्पीकर असतो ८ ओहमचा. ५००० भागिले ८ याचं वर्गमूळ २५, म्हणजे फेऱ्यांचं गुणोत्तर २५ ला १. हाताशी माहिती नसलेला ट्रान्सफॉर्मर असेल तर त्याच्या सेकंडरीला (स्पीकरकडच्या वाइंडिंगला) ६.३ व्होल्ट एसी द्या आणि प्रायमरीवर (ट्यूबकडच्या वाइंडिंगवर) मोजा. १५७ व्होल्टच्या आसपास दिसले तर तो ५ किलोओहमचा आहे. सेकंडरीला सहा व्होल्ट दिले म्हणून गाफील राहू नका, प्रायमरीच्या टोकांवर दीडशे असतात.

सिंगल-एंडेडमध्ये प्रायमरीतून सतत ४८ मिलिअँपिअर डीसी वाहतो. त्यामुळे कोर एकाच बाजूला चुंबकित होतो आणि तो सॅच्युरेट होऊ नये म्हणून ई आणि आय पट्ट्यांच्या मध्ये फट ठेवावी लागते. पुश-पुलच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ही फट नसते. तो इथे जोडला की आवाज येतो, पण खालचा बेस नाहीसा होतो आणि थोडा आवाज वाढवला की सगळं चिरकायला लागतं. कित्येक जण मग ट्यूब बदलत बसतात.

इंडक्टन्स किती हवा? पेंटोड जोडणीत, म्हणजे स्क्रीन थेट सप्लायला जोडलेली असताना, ईएल८४ चा अंतर्गत रेझिस्टन्स ३८ किलोओहम, त्याला समांतर ५ किलोओहमचा लोड, म्हणजे एकूण ४.४. २० हर्ट्झवर ३ डेसिबलपेक्षा जास्त घट नको असेल तर सुमारे ३५ हेन्री लागतात, आणि एवढ्याशा ट्रान्सफॉर्मरमध्ये फट ठेवून ते मिळवणं कठीण आहे. निगेटिव्ह फीडबॅकची, म्हणजे आउटपुटचा थोडा भाग उलटा करून आधीच्या ट्यूबला परत देण्याची, खरी गरज इथे आहे. ट्रायोड जोडणी केली, म्हणजे स्क्रीन १०० ओहममधून प्लेटला जोडली, तर अंतर्गत रेझिस्टन्स २ किलोओहमच्या आसपास उतरतो आणि ११-१२ हेन्री पुरतात. पण मग डेटाशीटच्या हिशोबाने १.९५ वॉटच उरतात. इंडक्टन्स मोजताना प्रायमरीतून डीसी वाहत असला पाहिजे. हातातल्या एलसीआर मीटरने डीसीशिवाय १ किलोहर्ट्झवर घेतलेल्या आकड्यावरून काहीच कळत नाही.

वॉटचा आकडा कुठल्या फ्रिक्वेन्सीला दिलाय हेही विचारा. कोरमधला फ्लक्स व्होल्टेजच्या प्रमाणात वाढतो आणि फ्रिक्वेन्सीच्या उलट प्रमाणात. ४० हर्ट्झला ५ वॉट झेपणारा ट्रान्सफॉर्मर २० हर्ट्झला जेमतेम सव्वा वॉट झेपतो. जुन्या रेडिओतून काढलेला छोटा ट्रान्सफॉर्मर प्रयोगाला ठीक, त्यावर संगीत ऐकायची अपेक्षा ठेवू नका.

घरी गुंडाळायचाच असेल तर प्रायमरीला ०.१६ ते ०.१८ मिलिमीटरची तार आणि ३००० च्या आसपास फेरे, सेकंडरीला १२० अधिक तांब्यातल्या घटीसाठी पाच टक्के. प्रायमरीचे तीन भाग आणि त्यांच्या मध्ये सेकंडरीचे दोन, अशी एकाआड एक रचना केली की लीकेज इंडक्टन्स (दोन वाइंडिंगमध्ये न जुळलेला भाग) उतरतो आणि वरचे सूर टिकतात. पहिल्याच अँप्लिफायरसाठी मात्र तयार ट्रान्सफॉर्मर घ्या.

सेकंडरीवर २२० ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर कायम जोडून ठेवा. स्पीकरची वायर निसटली आणि सिग्नल चालू असला तर पेंटोडच्या प्रायमरीवर कित्येक शे व्होल्टचे झटके बसतात आणि इन्सुलेशन फुटतं. हा रेझिस्टर ते झटके आटोक्यात ठेवतो.

पॉवर सप्लाय

ट्रान्सफॉर्मर २५०-०-२५० व्होल्ट, १५० मिलिअँपिअर. हीटरचा हिशोब: दोन ईएल८४ प्रत्येकी ०.७६ अँपिअर, ईसीसी८३ ला ०.३, ईझेड८१ ला १. एकूण २.८२. ३ अँपिअरच्या वाइंडिंगवर हे कागदावर बसतं, प्रत्यक्षात वाइंडिंग तापतं. ४ अँपिअरचं घ्या. ईझेड८१ मध्ये हीटर आणि कॅथोडमधलं इन्सुलेशन ५०० व्होल्टपर्यंत चालतं, म्हणून तिला वेगळं वाइंडिंग लागत नाही. बहुतेक रेक्टिफायर ट्यूबना ही सवलत नाही.

ईझेड८१ नंतर पहिला कपॅसिटर ५० मायक्रोफॅरडच्या वर नको, हीच तिची मर्यादा. "जास्त फिल्टर म्हणजे कमी हम (मेन्सची गुणगुण)" असं समजून १०० किंवा २२० लावले की चार्जिंगचा करंट ट्यूबच्या कुवतीबाहेर जातो आणि आत ठिणग्या पडायला लागतात. ४७ लावा. प्लेटच्या बाजूचा किमान रेझिस्टन्सही डेटाशीटमध्ये दिलेला असतो. ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगचा रेझिस्टन्स त्यात धरायचा, कमी पडला तर प्रत्येक प्लेटला वायरवाउंड रेझिस्टर घालायचा.

त्यानंतर ५ हेन्रीचा, १५० मिलिअँपिअर झेपणारा चोक (लोखंडी कोरवरची कॉइल) आणि १०० मायक्रोफॅरड. चोकऐवजी २०० ओहमचा रेझिस्टर घालून काम भागवायचा मोह होतो. आकडे बघा: १०० हर्ट्झला १०० मायक्रोफॅरडची रिअॅक्टन्स १६ ओहम. २०० ओहमचा रेझिस्टर रिपल (डीसीवर उरलेली लहर) साधारण बारापट कमी करतो आणि ११० मिलिअँपिअरला २२ व्होल्ट खातो. ५ हेन्रीचा चोक जवळपास दोनशेपट कमी करतो आणि त्याच्या तारेचा रेझिस्टन्स १०० ओहम असला तर ११ व्होल्टच खातो. पुश-पुलमध्ये दोन्ही बाजूंचा रिपल ट्रान्सफॉर्मरमध्ये एकमेकांना मारतो, सिंगल-एंडेडमध्ये तसं होत नाही. म्हणून इथे चोक वगळू नये.

पुढे ईसीसी८३ साठी १० किलोओहम, १ वॉट आणि २२ मायक्रोफॅरड. सगळे कपॅसिटर ४५० व्होल्टचे. चालू स्थितीत २६० दिसतात म्हणून ३५० व्होल्टचे घेऊ नका; ईझेड८१ चालू असून बाकीच्या ट्यूब थंड किंवा काढलेल्या असताना २५० गुणिले १.४१, म्हणजे ३५३ व्होल्ट सरळ त्यांच्यावर येतात.

चासी आणि मांडणी

दीड ते दोन मिलिमीटर अॅल्युमिनियम. लोखंडी पत्रा ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र सगळीकडे पोहोचवतो. सॉकेट हातात आल्यावरच भोकं मापून पाडा, कारण एकाच प्रकारच्या सॉकेटमध्येही दोन-तीन मिलिमीटरचा फरक असतो. कडा कानशीने घासून गुळगुळीत करा, वायर जाईल तिथे रबरी ग्रोमेट.

पॉवर ट्रान्सफॉर्मर, चोक आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर कुठे बसवायचे हे भोकं पाडण्याआधी कानाने ठरवता येतं. सगळे टेबलावर ठेवा. आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीला हेडफोन जोडा, प्रायमरी मोकळी. आता फक्त पॉवर ट्रान्सफॉर्मर मेन्सला लावा, त्याची बाकीची टोकं नीट इन्सुलेट करून. हेडफोनमध्ये हम ऐकू येईल. आउटपुट ट्रान्सफॉर्मर हळूहळू फिरवा, एका ठरावीक कोनात हम जवळजवळ नाहीसा होतो. तिथेच खूण करा. बहुतेकदा दोघांचे कोर एकमेकांना काटकोनात आले की हे घडतं. एकदा चासीवर बसवल्यावर या हमला कुठलाही कपॅसिटर उपाय करू शकत नाही, म्हणून या कामाला अर्धा दिवस गेला तरी द्यावा.

वायरिंग

सॉकेटच्या पिना खालून बघताना घड्याळाच्या दिशेने मोजायच्या. ईएल८४: २ ग्रिड, ३ कॅथोड, ४ आणि ५ हीटर, ७ प्लेट, ९ स्क्रीन. १, ६ आणि ८ आत कुठेतरी जोडलेल्या असू शकतात, त्यांना टॅग म्हणून वापरू नका. ईसीसी८३: १-२-३ एका अर्ध्याचे प्लेट, ग्रिड, कॅथोड, ६-७-८ दुसऱ्याचे. हीटरला ६.३ व्होल्ट द्यायचे तर ४ आणि ५ एकत्र करून एक टोक, ९ हे दुसरं. ४ आणि ५ मध्येच ६.३ दिले तर ट्यूब मंद पेटते आणि आवाज क्षीण, फाटका येतो.

हीटरच्या तारा सगळ्यात आधी ओढा. घट्ट पिळ द्या आणि चासीच्या कोपऱ्याला चिकटवून न्या; क्रम ईझेड८१, मग दोन ईएल८४, शेवटी ईसीसी८३. हीटरच्या दोन्ही टोकांपासून १०० ओहमचे दोन रेझिस्टर अर्थला. त्यापेक्षा चांगलं म्हणजे त्यांचा मध्यबिंदू ३० ते ३५ व्होल्टवर उचलून ठेवणं: चोकनंतरच्या डीसी सप्लायपासून २२० किलोओहम आणि खाली ३३ किलोओहम, त्यावर २२ मायक्रोफॅरड. हीटरमधून कॅथोडकडे झिरपणारा हम यामुळे थांबतो.

अर्थची वाट ही माझ्या मते अख्ख्या अँप्लिफायरमधली सगळ्यात महत्त्वाची वायर. ट्रान्सफॉर्मरचा मधला टॅप थेट पहिल्या कपॅसिटरच्या निगेटिव्हला, चासीला नाही. तिथून दुसऱ्या कपॅसिटरला, मग ईएल८४ चे कॅथोड रेझिस्टर आणि स्पीकरचं निगेटिव्ह, मग ईसीसी८३ चा कपॅसिटर, शेवटी इनपुट. इनपुटजवळ एकाच ठिकाणी चासीशी जोडणी. इनपुटचे सॉकेट चासीपासून इन्सुलेट केलेले हवेत. मेन्सचा अर्थ चासीला वेगळ्या बोल्टवर, रंग खरवडून, दातेरी वॉशर लावून. ट्रान्सफॉर्मरचा बोल्ट यासाठी वापरू नये. मधला टॅप चासीला लावला की चार्जिंगच्या करंटचे झटके चासीतून इनपुटच्या अर्थपर्यंत पोहोचतात आणि कपॅसिटर कितीही वाढवले तरी तो करकरीत आवाज जात नाही.

ईएल८४ चा ट्रान्सकंडक्टन्स ११ मिलिअँपिअर प्रति व्होल्टच्या वर आहे, त्यामुळे ती रेडिओ फ्रिक्वेन्सीला आपोआप डोलायला (ऑसिलेट व्हायला) लागते. हे रोखायला स्टॉपर रेझिस्टर लावा: ग्रिडला २.२ किलोओहम आणि स्क्रीनला १०० ओहम, दोन्हींचा डाग थेट पिनेवर. पाच सेंटिमीटर वायरच्या पलीकडे लावलेला स्टॉपर निरुपयोगी. ग्रिड लीक (ग्रिडपासून अर्थला जाणारा रेझिस्टर) ४७० किलोओहम, कपलिंगला (ईसीसी८३ कडून सिग्नल आणणारा कपॅसिटर) ०.१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्ट पॉलिप्रॉपिलीन. कट-ऑफ (ज्याच्या खाली आवाज घटत जातो ती फ्रिक्वेन्सी) साडेतीन हर्ट्झच्या आसपास येतो. कॅथोडला १३५ ओहमवर ४७० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट. इथे नुसता १३५ ओहम धरून हिशोब केला तर २२० पुरेसा वाटतो. पण कॅथोडचा स्वतःचा इम्पीडन्स समांतर धरला की ५० ओहमच उरतात आणि २२० वर कट-ऑफ १४ हर्ट्झला जातो. दोन चॅनलना एकच कॅथोड रेझिस्टर देऊ नका.

ईसीसी८३ ला प्लेटला १०० किलोओहम, कॅथोडला १.५ किलोओहम त्यावर १०० मायक्रोफॅरड, आणि त्याच्या खाली बायपास न केलेला (समांतर कपॅसिटर नसलेला) १०० ओहम, फीडबॅक येण्यासाठी. प्लेटचा रेझिस्टर १ वॉटचा घ्या; पाव वॉटला उष्णता झेपते, पण बहुतेक पाव वॉटचे रेझिस्टर २५० व्होल्टपर्यंतचेच असतात.

व्हॉल्यूम पॉट १०० किलोओहम लॉग. हाताशी ५०० असेल तरी लावू नका. ५५ पट गेनमुळे (सिग्नलच्या वाढीमुळे) ईसीसी८३ चं इनपुट १०० पिकोफॅरडच्या आसपास दिसतं. ५०० चा पॉट मध्यावर १२५ किलोओहमचा होतो आणि १३ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं ढासळायला लागतं. १०० च्या पॉटला हीच मर्यादा ६० किलोहर्ट्झच्या पुढे जाते.

पहिल्यांदा चालू करताना

मेन्सच्या फेजमध्ये १०० वॉटचा जुन्या पद्धतीचा फिलामेंट बल्ब सिरीजमध्ये लावा. एलईडी बल्ब या कामाचा नाही. फीडबॅकची वायर मोकळी, आउटपुटला ८ ओहम, १० वॉटचा रेझिस्टर.

आधी एकही ट्यूब नको. बल्ब क्षणभर उजळून विझत आला पाहिजे. हीटरचं वाइंडिंग लोडशिवाय ६.८ ते ७ व्होल्ट दाखवेल, घाबरू नका. मग फक्त ईझेड८१ लावा. पहिल्या कपॅसिटरवर ३०० च्या वर व्होल्ट चढतील. इथे बल्ब प्रखर राहिला तर कपॅसिटर उलटा लागलाय किंवा कुठेतरी शॉर्ट आहे. बंद करा, डिस्चार्ज होऊ द्या, मग बाकीच्या ट्यूब. सगळं ठीक दिसल्यावरच बल्ब काढून थेट मेन्स.

पाच मिनिटांनी मोजा. चोकनंतर २५० ते २६०, ईएल८४ च्या प्लेटवर २४० च्या आसपास, कॅथोडवर ७ ते ७.५, ईसीसी८३ च्या प्लेटवर १५० च्या आसपास आणि कॅथोडवर १.३. हीटर ६ ते ६.६ मध्ये. कॅथोडचे ७.३ भागिले १३५ म्हणजे ५४ मिलिअँपिअर. त्यातून स्क्रीनचे साडेपाच वजा करून प्लेटचा करंट मिळतो. प्लेट आणि कॅथोडमधलं व्होल्टेज त्याने गुणा. ईएल८४ ची मर्यादा १२ वॉट आहे, ११ च्या आत राहा. जास्त आले तर कॅथोडला १५० ओहम लावा.

कॅथोडवर १० व्होल्टपेक्षा जास्त दिसले किंवा अंधारात प्लेट लालसर दिसली तर लगेच बंद करा. पहिला संशय कपलिंग कपॅसिटरवर. तो १ मायक्रोअँपिअर जरी गळला तरी ४७० किलोओहमवर जवळपास अर्धा व्होल्ट पॉझिटिव्ह चढतो. ग्रिड आणि अर्थमध्ये मोजा, शून्य हवं. दुसरा संशय ग्रिड लीकच्या कोरड्या डागावर; ग्रिडला अर्थ मिळाला नाही की करंट वाढतच जातो. कॅथोडवर शून्याजवळ व्होल्टेज आणि प्लेट लाल असेल तर बायपास कपॅसिटर शॉर्ट आहे. सगळे रेझिस्टर बरोबर असूनही मीटरजवळ हात नेल्यावर करंट हलत असेल तर ट्यूब डोलते आहे, ग्रिड स्टॉपर पुन्हा बघा.

हम राहिला असेल तर आधी त्याचा सूर ओळखा. मेन्स ५० हर्ट्झ असेल तिथे जाडसर ५० हर्ट्झची गुणगुण हीटर, चुंबकीय क्षेत्र किंवा अर्थ लूपमधून येते. करकरीत १०० हर्ट्झ फिल्टर किंवा चार्जिंगच्या वाटेतून. व्हॉल्यूम शून्यावर नेल्यावर गेला तर दोष पॉटच्या आधी आहे. ईसीसी८३ काढल्यावरही तसाच असेल तर आउटपुट स्टेज, सप्लाय किंवा ट्रान्सफॉर्मरचा कोन.

फीडबॅक

सेकंडरीपासून ३.३ किलोओहममधून ईसीसी८३ च्या कॅथोडखालच्या १०० ओहमवर. यातून ११ डेसिबलच्या आसपास फीडबॅक मिळतो आणि पूर्ण आवाजाला लागणारा इनपुट ८० मिलिव्होल्टवरून पाव व्होल्टच्या थोडा वर जातो. आजच्या कुठल्याही प्लेअरला हे सहज जमतं. फेज उलटी असेल तर अँप्लिफायर भोंग्यासारखा ओरडतो आणि स्पीकर जाऊ शकतो. म्हणून आधी ३.३ ऐवजी ३३ किलोओहम लावून बघा. एवढ्याशा फीडबॅकने ओरडायचा धोका नाही, पण मीटरवर आउटपुट दोनेक डेसिबलने घटलेलं किंवा वाढलेलं स्पष्ट दिसतं. घटलं तर फेज बरोबर. वाढलं तर सेकंडरीची दोन टोकं अदलाबदल करा, म्हणजे अर्थला लावलेलं टोक बदला.

ऑसिलोस्कोप मिळाला तर १० किलोहर्ट्झची स्क्वेअर वेव्ह द्या, रेझिस्टर लोडवर १ वॉटच्या आसपास. कडेला एखादी ठसठशीत उसळी आणि मग सपाट, हे चालेल. पाच-सहा लाटा उमटत असतील तर फीडबॅकच्या रेझिस्टरवर समांतर २२० पिकोफॅरडपासून १ नॅनोफॅरडपर्यंत कपॅसिटर लावून बघा. ४७० पिकोफॅरडच्या आसपास बहुतेक ट्रान्सफॉर्मर शांत होतात. नंतर ८ ओहम काढून त्याजागी फक्त ०.१ मायक्रोफॅरड लावा, लांब स्पीकर केबलची हीच परीक्षा. इथेही अँप्लिफायर डोलला नाही की फीडबॅक पक्का करा. डोलला तर ३.३ चा ४.७ किलोओहम करा आणि तोच क्रम पुन्हा.